हिरवळ कोणती लावायची? आधी मे महिना आठवा

मृगाचे दोन पाऊस झाले की रोपवाटिकांत लॉनची चौकशी सुरू होते. नव्या बंगल्याचे अंगण, रो-हाऊसपुढची पट्टी, सोसायटीतला क्लब-हाऊससमोरचा तुकडा. जागा कोणतीही असो, प्रश्न ठरलेले असतात. चौरस फुटाला काय भाव? किती दिवसांत हिरवे दिसेल? कितीदा कापावे लागेल? मग मोबाइलवरचे दोन-चार फोटो पाहून ‘हे मऊ दिसतंय, हेच टाका’ असे ठरते आणि दुसऱ्या दिवशी मातीसकट कापलेल्या गवताच्या लाद्यांचा टेम्पो दारात उभा राहतो. जूनमध्ये कोणतेही गवत हिरवे दिसते. गवत निवडायला इतका फसवा महिना दुसरा नाही. निवड करताना डोळ्यांपुढे मे महिना हवा, आणि त्या मे महिन्यात घरात येणारे पाणी.

पाण्याचा हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात हिरवीगार राखलेली हिरवळ पानांतून आणि मातीतून मिळून दिवसाला साधारण पाच ते सहा मिलिमीटर पाणी हवेत सोडते. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. सहा मिलिमीटर धरले तर रोज साडेपाचशे लिटरहून थोडे जास्तच पाणी झाले. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी निकष आहे. म्हणजे ही हिरवळ चौघांच्या कुटुंबाइतके पाणी पिते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटरचा निकष ठेवला आहे. त्या मापाने दहा माणसांचे पाणी. दहा हजार लिटरचा टँकर या एका अंगणाला जेमतेम अठरा दिवस पुरेल, आणि पाइपने उडवताना फरशीवर जाणारे पाणी यात धरलेले नाही.

गवताला पाणी द्यावे की माणसाला, हा वाद महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले, कारण मैदानांच्या गवतावर पडणारे पाणी. मैदाने मोजकी असतात, ती सगळ्यांना दिसतात आणि त्यांचा हिशेब मागता येतो. कुंपणाआडच्या हजारो हिरवळींचा हिशेब मागायला कुणी येत नाही. तो ज्याचा त्याने करायचा असतो, आणि तो गवत लावण्यापूर्वी केला तरच उपयोगाचा. नंतर उरते ते फक्त टँकरचे बिल.

गवतागवतांत फरक काय, हे समजायला थोडे वनस्पतिशास्त्र लागते. प्रकाशसंश्लेषण करण्याच्या पद्धतीवरून गवतांचे दोन मोठे गट पडतात. गहू, भात आणि थंड प्रदेशातल्या हिरवळीची गवते, म्हणजे फेस्क्यू, रायग्रास, ब्लूग्रास, ही एका गटात. त्यांना सी-३ म्हणतात. यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर उष्णता वाढली की चुकू लागते. ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरते आणि झाडाची कमाई वाया जाते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि हरळी दुसऱ्या गटातली, सी-४. ही पाने कार्बन डायऑक्साइड आधी आतल्या पेशींत कोंडून घट्ट करतात आणि मगच त्या विकराच्या हवाली करतात. त्यामुळे उन्हात चूक होत नाही, पर्णरंध्रे फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि तेवढ्याच वाढीसाठी पाणी कमी लागते. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ही प्रक्रिया उलगडून मांडली, ती उसावर काम करताना. ऊस म्हटल्यावर वाचकाच्या मनात शंका येईल, आणि ती रास्त आहे. काटकसरी यंत्रणा असली म्हणून पीक कमी पाण्यात भागवते असे नाही. बारा-चौदा महिने शेतात उभे राहून डोंगराएवढे वजन तयार करायचे असेल तर एकूण पाणी लागणारच. हिरवळीचेही तसेच. गवत कोणते, याइतकेच ते किती जागेवर आणि बारा महिने हिरवे हवे की नाही, यालाही महत्त्व आहे.

आता ऑनलाइन मिळणाऱ्या गवताच्या बियांच्या रंगीत पाकिटांकडे वळू. पाकिटावर निळे आकाश, लाकडी घर आणि समोर गडद हिरवे मैदान. त्यात अनेकदा फेस्क्यू किंवा रायग्रासचे बी असते. या गवतांना पंधरा ते चोवीस अंशांची हवा मानवते. पुण्यात किंवा नाशकात डिसेंबरात ते पेरले तर आठवड्या-दोन आठवड्यांत असे दाट उगवते की शेजारीपाजारी चौकशीला येतात. मार्चमध्ये ते पिवळे पडू लागते, मग पाणी वाढवले जाते, मग खत, मग बुरशीनाशक. एप्रिलअखेर ते मेलेले असते. यात त्या गवताचा दोष नाही. पठारावरच्या उन्हात त्याला लावणाऱ्याने आणि विकणाऱ्याने पाकिटाची मागची बाजू वाचायला हवी होती.

उरतात उन्हाळी गटातली गवते, आणि त्यांत पहिला मान हरळीचा असायला हवा. तो मिळत नाही, कारण पिकते तेथे विकत नाही. हरळी, म्हणजेच दूर्वा, शेतकऱ्याची जुनी वैरीण. जमिनीवरून पळणारी धावती खोडे आणि जमिनीखालून सरकणारी खोडे अशी दुहेरी फौज तिच्याकडे असते. नांगराने तुकडे केले तर प्रत्येक पेरातून नवे झाड उठते. शेतात ज्या गुणापायी तिला शिव्या बसतात, तोच गुण अंगणात हवा असतो. मुले खेळून जागा उघडी पडली तर ती आपणहून भरून निघते. कोरड्यात खोल मुळांवर तग धरते. आणि पाणी तोडले तर मरत नाही, झोपते. वरची पाने वाळून तपकिरी होतात, खोडे आत जिवंत राहतात आणि वळवाच्या एका चांगल्या सरीनंतर आठवड्याभरात पोपटी कोंब दिसू लागतात.

या झोपेला घाबरण्याचे कारण नाही, पण नेमके तिलाच लोक घाबरतात. अंगण तपकिरी दिसले की माळी कामचुकार ठरतो. सोसायटीच्या बैठकीत ‘लॉन जळाले’ असा ठपका येतो आणि पाण्याची पाळी वाढते. डोंगरउतारावरचे गवत एप्रिलमध्ये वाळले म्हणून सह्याद्री मेला असे कुणी म्हणत नाही. अंगणाला मात्र ही मुभा नाही. वर मांडलेल्या हिशेबातले साडेपाचशे लिटर वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच आहे: एप्रिल-मेमध्ये हरळीला दोन-तीन आठवड्यांतून एकदा, खोडे जिवंत राहतील इतके पाणी द्यायचे आणि रंगाचा आग्रह सोडायचा.

हरळीच्या कुळातली सुधारित वाणेही आहेत. रोपवाटिकांत ‘सिलेक्शन वन’ नावाने मिळते ते बारीक पानांचे आणि बुटके. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या पैदासकाराने हरळीच्या दोन प्रजातींच्या संकरातून आलेले टिफवे हे वाण १९६० मध्ये आणले. गोल्फची मैदाने त्यावर उभी राहिली. जाता जाता सांगायचे तर याच बर्टन यांनी टिफ्टनमध्येच बाजरीची टिफ्ट २३ ए ही नरवंध्य ओळ तयार केली आणि तिच्यापासून भारतात १९६५ मध्ये एचबी-१ हा पहिला संकरित बाजरा आला. श्रीमंतांच्या मैदानाचे गवत आणि कोरडवाहू भाकरीचे बियाणे एकाच माणसाच्या हातून गेले. गवताच्या शास्त्राला हलके लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

‘मेक्सिकन’ आणि ‘कोरियन’ या नावांनी जे विकले जाते ते झोयशिया गवत. पहिल्याचा मेक्सिकोशी संबंध नाही. झोयशिया पूर्वेचे, आशिया आणि पॅसिफिककडचे. गवत वाईट नाही. ते दाट, मऊ आणि सावकाश वाढणारे आहे, म्हणून कापण्याची कटकट कमी. हरळीपेक्षा थोडी अधिक सावली सोसते. पण सावकाश वाढणारे गवत सावकाशच भरून निघते. मुलांनी क्रिकेटसाठी खड्डा पाडला की तो महिनोन् महिने तसाच राहतो. कोरियनला तर उंचवटे येतात. मखमली टेकड्यांसारखे दिसते, पण त्यावरून यंत्र फिरवता येत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय मुरगळू शकतो. ज्या बागेत माणसे फक्त बघायला उभी राहणार आहेत, तिथे ते शोभते. ज्या अंगणात सायकली येणार, कुत्रा लोळणार, लग्नाचा मांडव पडणार, तिथे ते घेऊ नये.

सावलीचा प्रश्न सर्वांत जास्त फसवतो. हरळीला दिवसाला किमान सहा-सात तास थेट ऊन लागते. जागा पाहायला लोक मे महिन्यात येतात, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि भिंतीची सावली भिंतीच्या पायाशी असते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. दहा मीटर उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला नऊ मीटरपर्यंत पडते. म्हणजे घराच्या उत्तरेकडची तीस फुटांची पट्टी भर दुपारीही सावलीत. शेजारी बारा मजली इमारत असेल तर सांगायलाच नको. अशा जागी हरळी विरळ होत जाते आणि शेवाळ येते. तिथे रुंद पानांचे कार्पेट ग्रास चालते. ते मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले, सावली सोसते, पण मुळे उथळ असल्याने त्याला सतत ओल लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याकडे ते सुखाने नांदते. मराठवाड्यात ते लावणे म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवण्यासारखे.

आंब्याखाली किंवा वडाखाली मात्र कोणतेच गवत लावू नये. तिथे झाडाची पानेच पसरू द्यावीत. उजेड मध्यम असेल आणि जागा सखल असेल तर जलपिंपळीसारखी जमिनीलगत पसरणारी इथलीच वनस्पती चांगली. तिच्या इवल्या फुलांवर फुलपाखरे येतात. पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र टाळावी. रोपवाटिकेत ती स्वस्त मिळते, पण कुंपण ओलांडून ओढ्याकाठी गेली की तिथले काही शिल्लक ठेवत नाही.

हिरवळीचा माणसाच्या तब्येतीशी संबंध येतो तेव्हा बोलणे बहुधा दवावर अनवाणी चालण्यापासून सुरू होते. दवावर चालल्याने डोळ्यांचे तेज वाढते याला भरवशाचा पुरावा नाही. चालण्याचा फायदा होतो तो चालण्याचा. ते डांबरी रस्त्यावर बूट घालून केले तरी होतो. ज्यांना अनेक वर्षांचा मधुमेह आहे त्यांनी हिरवळीवर अनवाणी चालूच नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा किंवा काच रुतलेली कळत नाही आणि त्या लहानशा जखमेतून पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हौसेने लावलेल्या हिरवळीवर घरातल्या आजोबांना सकाळी अनवाणी पाठवणाऱ्यांनी त्यांच्या पायांची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट हरळीच्याच विरोधात जाते. तिचे परागकण वाऱ्यावर पसरतात आणि शिंका, डोळ्यांची खाज, दमा यांचे ते जगभर ओळखले गेलेले कारण आहे. घरात कुणाला ही ॲलर्जी ठरलेली असेल तर साधी हरळी माजू देणे धोक्याचे. फुलोऱ्याचे बोटांसारखे तुरे वर येण्यापूर्वी ती कापली तर त्रास बराच कमी होतो, आणि कापण्याचे काम दम्याच्या रुग्णाने करू नये. टिफवेसारखे संकरित वाण वांझ असते, परागकणांचा उपद्रव त्यात नगण्य. अशा घरांनी जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही.

मात्र तब्येतीच्या दृष्टीने परागांपेक्षा मोठी काळजी फवाऱ्याची आहे. चकचकीत, एकरंगी हिरवळीचा हट्ट धरला की रसायने मागोमाग येतात. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात, अळ्या मुळे खातात आणि गवताचा तुकडा गालिच्यासारखा हातात उचलून येतो. मग उसाच्या शेतात वापरायचे जहाल कीटकनाशक अंगणात ओतले जाते, ज्यावर संध्याकाळी रांगणारे मूल बसवले जाते. मे-जूनच्या संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून पाडून नष्ट करणे आणि मेटारायझियम ही मित्रबुरशी शेणखतातून जमिनीत घालणे, हे उपाय ऊस उत्पादकांना माहीत आहेत. घरच्या बागेतही ते पुरतात. तणाचेही तसेच. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तरी माळ्याच्या पंपात ते सहज सापडते. लव्हाळ्याची चार पाती दिसली तर दिसू द्यावीत; फार तर खुरप्याने गाठीसकट काढावीत.

या सगळ्याला कंटाळून प्लॅस्टिकचे गवत अंथरणारे वाढले आहेत. पाणी नको, कापणी नको. पण खरे गवत पाणी सोडून स्वतःला आणि आसपासच्या हवेला थंड ठेवते; प्लॅस्टिक ऊन साठवते. एप्रिलच्या दुपारी त्यावर हात ठेवून पाहावा, म्हणजे पुढची चर्चा लागत नाही. त्यापेक्षा फरशी बरी, आणि फरशीपेक्षा मुरूम टाकलेली मोकळी जागा बरी, कारण तिच्यात पाऊस मुरतो.

मुळात सबंध अंगणभर हिरवळ हवी हा आग्रहच तपासायला हवा. माणसे बसतात, मुले लोळतात ती जागा दोन-तीनशे चौरस फुटांची असते. तेवढीच हरळी राखली आणि बाकी जागेत करवंद, तगर, अडुळसा, कढीपत्ता लावला तर पाण्याचा आकडा चौघांच्या कुटुंबावरून एका माणसावर येतो. सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करून बागेला देतात, हे चांगलेच आहे. मात्र ते तुषार सिंचनाने मुलांच्या खेळायच्या वेळी उडवू नये, आणि ‘फुकटचे पाणी आहे’ म्हणून मैदान वाढवू नये. तेच पाणी संडासच्या टाक्यांना वापरले तर तेवढे पिण्याचे पाणी वाचते.

हरळी लावायला फारसा खर्च नाही. जमीन मेमध्ये वीतभर खोल खणून उन्हात तापू द्यावी. एकदा पाणी देऊन उगवलेले तण काढावे. काळी माती असेल तर पाणी निचरण्यासाठी वाळू आणि मुरूम मिसळावा. ठोंब बांधावरून आणले तर मुळे धुऊन घ्यावीत, नाहीतर लव्हाळ्याच्या गाठी सोबत येतात. दोन-तीन पेरांचे तुकडे चार-पाच बोटांच्या अंतराने टोचावेत. मोठ्या जागेसाठी शेण, माती आणि हरळीचे तुकडे यांचा काला करून तो ओल्या जमिनीवर पसरण्याची जुनी पद्धत आजही चालते. फुलझाडांच्या वाफ्याकडे ती घुसू नये म्हणून कडेला वीतभर खोल विटा गाडाव्यात. हे काम टाळले तर वर्षभरात पश्चात्ताप होतो. जम बसल्यावर रोज शिंपडत बसू नये. चालून गेल्यावर पावलांचे ठसे गवतात तसेच राहू लागले की ते तहानलेले समजावे आणि तेव्हा सकाळी भरपूर, खोल भिजेल असे पाणी द्यावे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, कापलेले तिथेच पडू द्यावे. तेच खत होते. जूनअखेर लावलेली हरळी साधारण भाद्रपदापर्यंत जमीन झाकते. एक कोपरा न कापता ठेवला आणि त्यावर काही फवारले नसेल, तर गणपतीच्या दूर्वा घरच्याच.